दाब, प्रवाह आणि मुळशीचे पाणी

ज्या काळाची ही हकीगत आहे त्या काळी मुळशी पेट्यातील कित्येक भातखाचरांची स्थिती अशी होती की, जमीन सह्याद्रीच्या कुशीत, ती कसणारा मावळा तिच्या बांधावर, आणि तिचे गहाणखत मात्र पुण्यात, सदाशिव, नारायण वा शनिवार पेठेतील एखाद्या वाड्याच्या माजघरात, सावकाराच्या पेटीत. आंबेमोहोराचा सुवास पेठेत पोहोचे तो खंडाच्या पोत्यांतून. आणि भात पिकविणाऱ्याचे नाव पोहोचे ते खतावरच्या अंगठ्याच्या ठशातून. १९२० च्या सुमारास या खाचरांवर एका तिसऱ्याच शक्तीचा डोळा पडला. तिला ना भात हवे होते, ना खंड. तिला हवा होता सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, आणि तोही शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मुंबईतील गिरण्यांची चाके फिरविण्यासाठी.

मावळातल्या पावसाने परळच्या गिरणीतल्या चात्या फिराव्यात, ही गोष्ट या घटनेच्या शंभर वर्षे आधी कोणास सांगितली असती तर त्याने ती वेड्यात काढली असती. पाण्याच्या जोरावर चालणारे जाते ओढ्याच्या काठीच असावे लागते, कारण त्या जोराला पाय नसतात. त्याला पाय फुटले ते विजेच्या तारेमुळे. परंतु नुसत्या तारेनेही काम भागत नाही. तारेतून किती दाबाने किती प्रवाह सोडावा, याचे एक गणित आहे, आणि ते गणित ज्या दिवशी इंजिनिअरांच्या हाती पक्के आले त्या दिवशी मुळशीच्या खोऱ्याचे भवितव्य, तेथील एकाही माणसास कळण्यापूर्वी, बदलून गेले. मुळशीच्या सत्याग्रहाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या इतिहासामागे उभे असलेले हे गणित सहसा त्यात डोकावत नाही, म्हणून ते येथे आरंभापासून सांगतो.

जर्मनीतील कोलोन शहरी गेओर्ग सिमोन ओहम नावाचे एक शाळामास्तर होते. विजेच्या घटाला निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडल्या असता त्यांतून वाहणारा प्रवाह कसा बदलतो, एवढाच प्रश्न त्यांनी हाती घेतला. पण तत्कालीन घट असे लहरी की, मोजमाप सुरू असतानाच त्यांचा जोर खाली येई आणि आकडे हाती लागेनात. तेव्हा पोगेनडॉर्फ या विद्वानाच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे घेतले; एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला, म्हणजे दोहोंतील तापमानाचा फरक स्थिर आणि त्यापासून उपजणारा विजेचा दाबही स्थिर. मग तांब्याच्या लहानमोठ्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीचे विचलन त्यांनी टिपले. १८२६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि १८२७ साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला: दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, तारेची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा. दाबाला प्रवाहाने भागले असता जी संख्या येते ती त्या तारेचा रोध. या साध्या भागाकाराचे जर्मन विद्वानांनी स्वागत केले नाही. ओहम यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बरीच वर्षे ओढगस्तीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले तेव्हा कोठे त्यांच्या कार्याची कदर झाली.

दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते ज्यास डोळ्यांपुढे आणावयाचे असेल त्या पुणेकराने दूर जाण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत दगडी नळ आणला गेला, आणि पेठांतल्या हौदांना त्या पद्धतीने पाणी मिळू लागले; सदाशिव पेठेतील हौद हा तर पुढे पत्ता सांगण्याची खूणच होऊन बसला. कात्रजचा तलाव उंचावर आणि पेठेतला हौद सखलात, ही जी उंचीतली तफावत ती दाब. नळातून दर घटकेस जितके पाणी हौदात पडे तो प्रवाह. आणि नळाचे अरुंदपण, त्याची लांबी, त्यात साचणारा गाळ हा रोध. गाळ वाढला तर तलाव तितकाच उंच असूनही हौदाची धार बारीक होई. विजेचा दाब आपण व्होल्टमध्ये मोजतो, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये. ही नावे १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेत मान्य झाली.

हे झाले ओहमचे गणित. पण कारखानदाराला दाब विकत घ्यावयाचा नसतो आणि प्रवाहही नव्हे, त्यास हवी असते शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारे काम; आणि शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. एका व्होल्टने एक अँपिअर वाहिला तर एक वॅट. शंभर व्होल्टांनी दहा अँपिअर वाहिले काय, किंवा हजार व्होल्टांनी एकच वाहिला काय, शक्ती तीच, हजार वॅट. आता प्रश्न असा की, दोन्हींत शक्ती सारखीच असेल तर फरक कोणता? फरक आहे, आणि तो कळण्यासाठी मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनविणाऱ्या धनिकाच्या मुलाकडे वळावे लागते. जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, तारेचे वेटोळे पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यातून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती चढते ते पाहिले. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. तिप्पट केला तर नऊपट. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, एवढी असते. ओहमच्या भागाकारातून आणि शक्तीच्या गुणाकारातूनही हेच फळ निघते. परंतु जूल यांनी ते पाण्यात हात घालून सिद्ध केले.

या वर्गातच सगळे मर्म आहे, म्हणून एक हिशेब सावकाश मांडतो. समजा, दहा हजार किलोवॅट शक्ती दूर पाठवावयाची आहे आणि तारेचा एकंदर रोध पाच ओहम आहे. दहा हजार व्होल्टांच्या दाबाने ती पाठवू म्हटले तर प्रवाह एक हजार अँपिअर लागेल. हजाराचा वर्ग दहा लक्ष, त्यास पाचाने गुणले म्हणजे पन्नास लक्ष वॅट, अर्थात पाच हजार किलोवॅट तारा तापविण्यातच गेले. निम्मे उत्पन्न वाटेतच खर्ची पडले! हीच शक्ती एक लाख व्होल्टांनी पाठविली तर प्रवाह अवघा शंभर अँपिअर. शंभराचा वर्ग दहा हजार, पाचाने गुणून पन्नास हजार वॅट, म्हणजे केवळ पन्नास किलोवॅट. दाब दहापट केला आणि घट शंभरपटीने कमी झाली. निम्म्याऐवजी अर्धाच टक्का. प्रत्यक्षात त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित याहून किंचित निराळे असते, पण तत्त्व हेच. तार जाड करून रोध घटविण्यात तांब्याचा खर्च अफाट. दाब चढविण्यात खर्च परिवर्तकाचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, आणि तो परवडण्याजोगा. तसा परिवर्तक १८८५ साली बुडापेस्टच्या झिपरनोव्स्की, डेरी आणि ब्लाथी या तिघा इंजिनिअरांनी व्यवहारात आणला. १८९१ साली नेकार नदीवरील लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोहोचली आणि दूरचे पाणी शहराच्या कामी येते हे जगाला दिसले. आपल्या देशात १९०२ साली म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रमची वीज ९२ मैल अंतर कापून कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली.

मुंबईच्या गिरण्यांना तोवर वाफेचाच आधार होता. बंगालकडचा कोळसा रेल्वेने वा बोटीने आणावा लागे, त्याचा भाव व पुरवठा दोन्ही बेभरवशाचे, आणि शहरावर धुराचे छप्पर. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस विजेच्या कामी आणण्याची कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या वास्तुशिल्पकाराने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. काम दोराबजींच्या हाती आले. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यानजीक वळवण धरणाची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसली आणि ११ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे केंद्र सुरू झाले. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून नळांनी उतरणारे पाणी तळाशी चक्रांवर आदळे, आणि तेथे उपजलेली वीज एक लाख व्होल्टांच्या घरातील दाबाने सुमारे सत्तर किलोमीटर दूर परळला जाई.

येथे भूगोल समजून घेतला पाहिजे, नाही तर पुढची गोष्ट नीट उकलत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या इंद्रायणी, आंध्रा, निळा, मुळा या नद्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मूनही पूर्वेकडे वाहतात, भीमेला मिळतात आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जातात. पूर्वेकडचा उतार मंद, म्हणून वीज करण्यास त्याचा उपयोग नाही. पश्चिमेकडे मात्र कडा एकदम तुटलेला. तेव्हा इंजिनिअरांनी युक्ती केली ती अशी: नदी पूर्वेला अडवावयाची, तिच्या पाण्याचा साठा करावयाचा आणि ते बोगद्यातून उलट पश्चिमेस वळवून कड्याखाली कोकणात सोडावयाचे. एक घनमीटर पाणी दर सेकंदास पाचशे मीटर खाली आले तर सुमारे पाच हजार किलोवॅट शक्ती होते. गिरणीतील शंभर अश्वशक्तीची एक मोटर चालविण्यास सेकंदाला पंधरा लिटर पाणी, यंत्रांची घट धरून वीसएक लिटर. हिशेब इतका सुटसुटीत होता की, कोळशाच्या प्रत्येक टनाला मावळातले किती पाणी पुरे पडेल हे कागदावर ताबडतोब दिसे. आंध्रा खोऱ्याची योजना पुढे निघाली आणि तिचे भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. तिसरा डोळा निळा-मुळेच्या संगमावर, मुळशीवर होता.

मुळशीच्या योजनेत सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. टाटांच्या कंपनीची माणसे मोजणीसाठी आली आणि शेतांत खड्डे खणू लागली, तेव्हा मावळ्यांना या बेताचा प्रथम सुगावा लागला. सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा उपयोगात आणला. त्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक कार्यासाठी जमीन घेता येई आणि मोबदला ठरविण्याचे काम कलेक्टरचे. कायद्याच्या दृष्टीने मोबदल्याचा अधिकार ज्याच्याकडे जमिनीचा दस्तऐवज त्याला. आणि दस्तऐवज कोठे होते ते लेखाच्या आरंभी सांगितले आहे.

येथेच पुण्याच्या पेठांचे दोन भाग पडले, आणि या प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या पेठांत मुळशीच्या मावळ्यांच्या बाजूने सभा होत होत्या, ज्या पेठांतून तरुण सत्याग्रहात नाव नोंदविण्यास जात होते, त्याच पेठांत असे सावकार राहत होते की ज्यांचे पैसे, रोख मोबदला मिळाला तर, बुडीत जमिनीतून वसूल होणार होते. राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखविले आहे की, पुण्यातील जमीनमालक-सावकारांचा मोठा भाग मोबदल्याकडे झुकला, आणि ज्याच्या नावे कागद नव्हता ते कूळ मात्र एकाकी पडले. यात सावकार दुष्ट होते असे म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. पण मावळ्यास जमीन म्हणजे पोट, आणि सावकारास जमीन म्हणजे व्याजाने वाढणारी एक रक्कम, ही तफावत कोणत्याही वक्तृत्वाने झाकली जाण्याजोगी नव्हती.

लढ्याची संघटना विनायकराव भुस्कुटे यांनी उभी केली. ते गावोगाव फिरून मावळ्यांची एकजूट बांधीत. त्यांना सामील झाले पांडुरंग महादेव बापट. बापटांचा जन्म पारनेरचा, १८८० सालचा. डेक्कन कॉलेजात शिकून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला यांत्रिकी शिकण्यास गेले होते. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावरील एका भाषणापायी त्यांची शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे पॅरिसमध्ये शिकलेली बाँब तयार करण्याची कृती त्यांनी हिंदुस्थानात आणली. म्हणजे मुळशीच्या धरणापुढे उभा राहिलेला हा पुरुष यंत्रविद्येचा शत्रू नव्हता. यंत्रविद्या शिकलेलाच होता. त्याची हरकत यंत्राला नव्हती. ज्याच्या जमिनीवर ते उभे राहणार त्याला कोणी विचारलेच नव्हते, या गोष्टीला होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या कामाच्या जागेवर जाऊन बसले, त्यांत बाया होत्या, मुले होती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. काम बंद पडले. महात्मा गांधींनीही त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून, टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी सलोख्याने बोलावे, असे सुचविले. कंपनीने काम काही महिने स्थगित केले आणि मावळ्यांना वाटले की आपण जिंकलो. पण स्थगिती म्हणजे माघार नव्हे. डिसेंबरात काम पुन्हा सुरू होताच दुसऱ्या सत्याग्रहास तोंड लागले आणि आता सरकारने धरपकड सुरू केली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही १९२२ साली सहा महिन्यांचा कारावास भोगावा लागला. बापट पुनःपुन्हा तुरुंगात गेले. एकीकडे तुरुंग भरत होते आणि दुसरीकडे मोबदल्याच्या वाटाघाटींनी बांध पोखरत होता. लढ्याचा कस कमी होत गेला आणि शेवटी थोडे लोक उरले.

त्या थोड्यांतले एक बापट. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामावर मजूर आणि सामान नेणारी गाडी त्यांनी रुळांवर दगड टाकून अडविली. हाती तलवार आणि पिस्तूल होते आणि पिस्तुलाचा उपयोगही झाला. हे सत्याग्रहाच्या मर्यादेत बसते का, यावर त्या वेळी वाद झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते; बापटांनी मात्र पळून न जाता परिणाम स्वतःवर घेतले. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली, आणि ते सुटले १९३१ साली. तोवर जे अडवावयाचे होते ते झाले होते. १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले, निळा-मुळेचे पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरू लागले आणि पुण्याकडे येणाऱ्या मुळेचा एक मोठा वाटा कायमचा पश्चिमेस गेला.

दरम्यान वीज गिरण्यांच्या बाहेरही पडली होती. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली, १५०० व्होल्टांच्या दाबाने. हा दाब वर सांगितलेल्या हिशेबाच्या कसोटीस लावून पाहण्याजोगा आहे: दोन हजार किलोवॅटच्या इंजिनाला या दाबाने तेराशेहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून लोहमार्गावर थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे उभारावी लागली. १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन पुण्याच्या स्थानकात आली, तीही विजेच्याच इंजिनाने.

आणि पेठांत बटणे लागली. वाड्याच्या सोप्यातील एका दिव्याची गोष्ट घेऊ. साठ वॅटचा दिवा, २३० व्होल्टांचा दाब. साठाला २३० ने भागिले तर प्रवाह ०.२६ अँपिअर, आणि २३० ला त्या प्रवाहाने भागिले तर रोध सुमारे ८८० ओहम. दिवा बंद असताना त्याच दिव्याच्या तारेचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, कारण तार तापली की रोध वाढतो. ज्या बारीक तारेचे अस्तित्व बटण दाबल्याशिवाय डोळ्यांस दिसत नाही तीच तार पेटल्यावर विजेला दहापट अडवून प्रकाश देते. मीटरवर एक युनिट फिरण्यास हा दिवा सुमारे साडेसोळा तास जळावा लागतो, आणि तेवढी ऊर्जा उपजविण्यास पाऊण टन पाणी पाचशे मीटर खाली यावे लागते. युनिटाचा दर वीजबिलावर छापलेला असतो. त्या पाऊण टन पाण्याखाली किती खाचर बुडाले आहे, याचा आकडा त्यावर कधीच आला नाही.

मुळशीच्या कुळांपैकी कित्येक घाटाखाली उतरले, कित्येक उर्वरित गावांच्या कडेला राहिले, काही मजुरीस शहरात आले. धरणग्रस्तांना नुसत्या रोख मोबदल्याऐवजी पर्यायी जमीन व पुनर्वसन मिळावे ही तरतूद महाराष्ट्राने १९७६ साली कायद्यात आणली, आणि भूसंपादनाचा १८९४ चा तो कायदा २०१३ सालच्या नव्या कायद्याने बाजूला सारला, जो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. बापट १९६७ साली निवर्तले, म्हणजे पहिल्या तरतुदीच्या नऊ वर्षे आधी. आणि ज्यांनी रामनवमीच्या सकाळी धरणावर बसून 'जान किंवा जमीन' म्हटले होते, त्यांच्यापैकी कूळ म्हणून ज्यांचे नाव कोणत्याही खतावर नव्हते त्यांना दोन्ही कायद्यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही.